पंचायतीच्या यादीत घर फुटलंय: दोघे प्रभाग ४ मध्ये, तिघे ५ मध्ये

पेडणेवाट: विधानसभेला घरातले पाचही मतदार एकाच केंद्रावर. गोव्यात २०२२ च्या पंचायत निवडणुकीत मात्र आईवडील प्रभाग ४ मध्ये आणि आम्ही तिघे भाऊ ५ मध्ये. २०२७ ला परत तसं होऊ नये म्हणून आत्ताच काय करता येईल? फॉर्म ६ नव्याने भरू का?

मांडवीकाठ: फॉर्म ६ अजिबात नको. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. नाव असताना भरलात तर दुहेरी नोंद होते, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुरुस्तीला फॉर्म ८.

पण आधी कारण शोधा. पंचायतीची यादी राज्य निवडणूक आयोगाची असली तरी ती विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार तोडतात. आईवडिलांपुढे घर क्रमांक ११२, तुमच्यापुढे ११२/अ आणि वाड्याचं (वस्तीचं) नावच नाही, असं असेल तर घर तिथेच फुटतं. पाचही नावांचे यादी भाग, अनुक्रमांक, घर क्रमांक आणि वाडा एका कागदावर उतरवून ताडून पाहा.

साळवाडा: त्यात भर. विधानसभेच्या यादीत पाचही नोंदी सारख्याच निघाल्या तर फॉर्म ८ चा उपयोग नाही, चूक प्रभाग पाडताना झालीय. मग पंचायतीची प्रारूप यादी लागली की हरकत घ्यायची. मुदत थोडीच असते, म्हणून अर्ज तयार ठेवा: पाचही जणांचे ओळखपत्र क्रमांक, घरपट्टीची पावती, आणि योग्य प्रभागात असलेल्या शेजारच्या दोन घरांचे क्रमांक. शेजारचे क्रमांक फार कामाला येतात.

प्रभागाची हद्दच तुमच्या वाड्यातून गेली असेल तर गोष्ट वेगळी. ती हरकत प्रभाग रचनेच्या मसुद्यावर घ्यायची, मतदारयादीवर घेतलेली टिकत नाही. लोक इथेच चुकतात.

मांडवीकाठ: आणि हे किरकोळ समजू नका. पंचायतीत ५, ७, ९ किंवा ११ पंच, एका प्रभागातून एकच. दोन-चार मतांवर निकाल फिरतो, समसमान झाली तर चिठ्ठी टाकतात.

पेडणेवाट: कळलं. एका भावाने आता पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय, त्याचं नाव तसंच राहू दे का?

साळवाडा: नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की मतदानाचा हक्क संपतो. फॉर्म ७ भरून नाव काढून घ्या.