क्यूचा टर्नर ओक: हेरिटेज की नर्सरीचा माल?

लंडनची_मावशी: काल इथे कुणीतरी लिहिलं की इथल्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानातलं टर्नर ओकचं झाड म्हणजे नर्सरीवाल्याने केलेला संकर, हवी तितकी कलमं लावा, त्याचं कसलं हेरिटेज! डोकंच फिरलं माझं. एसेक्सच्या स्पेन्सर टर्नरने 1783च्या सुमारास सदाहरित होम ओक आणि साध्या इंग्लिश ओकपासून ही जात काढली, क्यूमधलं झाड 1798चं. 1987च्या ऑक्टोबरमधल्या वादळाने ते मुळांसकट उचललं आणि परत तिथेच आदळलं. क्यूमध्ये 700 झाडं गेली, ह्याचं नंतर बघू म्हणून टेकू देऊन ठेवलं, तर तीन वर्षांनी पूर्वीपेक्षा जोमात! जवळजवळ दोनशे वर्षं माणसं सावलीत वावरून मातीचा दगड झाला होता, तो वादळाने मोकळा केला. मग बाकीच्या जुन्या झाडांखालीही दाबाने हवा सोडायला लागले. हे कलमातून उगवतं का?

घाटावरचा: पोस्ट माझीच. गोष्ट छान, पण गोष्ट म्हणजे हेरिटेज नाही. साहेबाच्या बागेतलं शोभेचं झाड म्हणून एवढं कौतुक.

कोकणी_काजू: हापूसपण कलमच की. मग आजोबांनी लावलेला तोडा, नवीन आणा.

घाटावरचा: हापूस खाता येतो हो.

पेठेतली_पाल: ते सोडा, मातीचं बोला. आमच्या सोसायटीत बकुळीला पार खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले, का तर चिखल होतो. दोन पावसाळ्यांत शेंडा वाळला. मी पहार घेऊन चार ब्लॉक उखडले तर खाली सिमेंट, आणि मुळं भाकरीसारखी चपटी झालेली. वर नोटीस मलाच!

कोकणी_काजू: आणि महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शहरातलं 50 वर्षांचं झाड हेरिटेज. कागदावर.

घाटावरचा: पेव्हरचा वेगळा धागा काढा ना.

पेठेतली_पाल: विषय तोच आहे! तुम्हाला झाड हवं, पाचोळा नको, चिखल नको. सेक्रेटरी आहात का कुठले?

घाटावरचा: वैयक्तिक होऊ नका. खजिनदार आहे.

पेठेतली_पाल: तरीच.

लंडनची_मावशी: अहो ओक! डिसेंबरात गेले होते, आजूबाजूचे ओक बोडके आणि हा हिरवागार, पान हातात घेतलं तर चामड्यासारखं.

घाटावरचा: बरं बाई, हेरिटेज तर हेरिटेज. हार घालून येतो. पाल, ते चार ब्लॉक काढायला किती वेळ लागला? आमच्या आंब्याचापण शेंडा वाळतोय.