तापतच नाही! न तापणाऱ्या उपकरणांचे अनुभव

काल शेजारणीचा मायक्रोवेव्ह बघायला गेले. दिवा लागतोय, थाळी फिरतेय, आवाजही येतोय आणि आतलं पाणी गारढोण. आमचा जुना असाच गेला होता, तेव्हा घरात जो तो तज्ज्ञ. सासरे म्हणाले व्होल्टेज, नवरा म्हणाला फ्यूज, दीर थेट स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. मेकॅनिकने आधी सगळ्यांना मागे सरकवलं. निघाला काय, तर डायोड, बोटाच्या पेराएवढा! तुमच्याकडे काय काय तापायचं थांबलंय? येऊ द्या.

* * *

दीर वाचले म्हणायचे! प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, हजारो व्होल्टचं काम आहे ते. घरी उघडायचा नाही म्हणजे नाही. आमचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग, गेला होता. दुरुस्तीचा आकडा ऐकून नवाच घेतला.

* * *

आमचा बिघडला तेव्हा नेहमीपेक्षा जास्त घुमायचा. तोही डायोडच का?

* * *

असू शकतो. डायोड शॉर्ट झाला की घरघर वाढते. कपॅसिटरनेही होतं तसं.

* * *

आमचं इंडक्शन. नुसतं टीं टीं करून बंद. लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावला, तर सुळकन घसरला. चुंबक घट्ट चिकटला तरच भांडं चालणार. नुसतं ॲल्युमिनियम, तांबं बाद. स्टीलचीही सगळी चालत नाहीत, हे विकताना कोणी सांगत नाही.

* * *

घाईत लिहितेय. बिल्ट-इन ओव्हन, लाइट जाऊन आली की घड्याळ लुकलुकतं. आमच्या ओव्हनमध्ये वेळ लावल्याशिवाय एलिमेंट सुरूच होत नाही. फोनवरच्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं, माणूस पाठवलाच नाही. बाळ उठलं, बाकी नंतर.

* * *

झोपू दे गं त्याला 😀 किती महिन्यांचा झाला?

* * *

ओव्हनचं एलिमेंट तपासायचं तर प्लग काढून, एका टोकाची वायर सोडवून मल्टिमीटर लावा. २३० व्होल्टवर चालणारं १५०० वॅटचं एलिमेंट असेल, तर ३५ ओहमच्या आसपास यायला हवं. रीडिंगच आलं नाही तर तुटलंय. तुटल्या जागी कधी कधी फोड आल्यासारखा दिसतो.

* * *

काका, मल्टिमीटरवाली घरं वेगळी. आमच्याकडे टेस्टरसुद्धा माळ्यावर.

* * *

इलेक्ट्रिक किटली कोरडी तापली असेल तर थांबा जरा. बायमेटलची चकती वाकून वीज तोडते, थंड झाली की बहुतेक किटल्यांत आपोआप जागेवर येते. आमची थंड होऊनही ढिम्म. खालच्या बेसचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते.

* * *

मिक्सर चालेल का इथे? तो तापतो, नको तेव्हा. आणि मग बंदच पडतो.

* * *

ताई, उलटा करून बघा. बहुतेक मिक्सरना बुडाशी लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. प्लग काढा, थंड होऊ द्या, मग दाबा.

* * *

सापडलं! चिकट झालंय, दाबलंच जात नाहीये.