प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजाराच्या गोळ्या मिळतात की नाही? तातडीने मदत हवी आहे

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

थोडक्यात लिहिते, वेळ नाही. भाऊ गावी असतो, आईजवळ. गोळ्या चालू होत्या तोवर छान चाललं होतं, शेतात जायचा, म्हशी सांभाळायचा. गोळ्या संपल्या. आई प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली तर म्हणे, ही औषधं आमच्याकडे येत नाहीत, जिल्ह्याला जा. जिल्हा म्हणजे दोन एसट्या, आणि तो एसटीत बसायलाच तयार नाही. तालुक्याचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत नाही. मी चिंचवडला, रजा शिल्लक नाही.

मानसिक आरोग्य सेवा आता गावपातळीवर आली असं जिथे तिथे वाचते. गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवरही रंगवलंय. मग देत का नाहीत? जीआर असेल तर नंबर द्या. आईला प्रिंट पाठवते, टेबलावर ठेवायला. कृपया उपदेश नको.

तात्या_पारनेरकर | ११:५२

जिल्हा कोणता? आजार कोणता? गोळ्या कोणत्या, किती दिवस बंद? तुम्ही नुसतं 'गोळ्या' लिहिलंय, त्या काय लिमलेटच्या आहेत?

उंटावरचा_शहाणा | बुधवार, ००:०५

एवढा धागा कशाला? जुनी चिठ्ठी व्हॉट्सॅपवर मागवा, चिंचवडला ओळखीच्या मेडिकलमधून तीन महिन्यांच्या घ्या आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवा. मेव्हण्याच्या गोळ्या मी अशाच पाठवतो. सरकारी दारात जाऊन कुणाचं भलं झालंय?

रात्रपाळी | ००:१४

@तात्या, मराठवाडा एवढंच समजा. गावातले लोक इथे वाचतात, भावाच्या लग्नाचं अजून बघायचं आहे. आजार स्किझोफ्रेनिया. प्रश्न जीआरचा आहे, त्यावर कुणी बोलेल का?

@शहाणा, हे सुचलंच नव्हतं. धन्यवाद.

कलम_कसाई | सकाळी ७:३०

जीआर शोधू नका, कायदाच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. कलम १८ वाचा. अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. मात्र कायद्याचे शब्द आहेत 'सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावरील'. आपल्याकडे ते म्हणजे ग्रामीण रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यात येत नाही. आईंना भांडायचंच असेल तर खिडकी ती नव्हे, पुढची. किमान सेवा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात मिळतच नसतील, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसायचा, हेही त्याच कलमात आहे. प्रत्यक्षात तो मिळवताना चपला झिजतात ही गोष्ट वेगळी.

निर्मळ_मन | ८:१०

गोळ्यांनी आजार दाबला जातो, जात नाही. भावाला इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा. मी स्वतः तीन केलीत. मन आरशासारखं होतं.

तात्या_पारनेरकर | ८:१६

साहेब, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असं विपश्यनावालेच त्यांच्या नियमांत लिहितात. जो एसटीत बसत नाही त्याला दहा दिवस मौनात बसवणार?

निर्मळ_मन | ८:२१

ज्याला नकारात्मकच बघायचं त्याला काय सांगणार. धागाकर्तीने ठरवावं.

गोंयकार_पणजी | ९:०५

आमच्या गोव्यात यावर मोठं काम झालंय. 'मानस' नावाचा प्रयोग, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं आणि दवाखान्यांत बसवलं. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं. गंमत म्हणजे खाजगी डॉक्टरांकडे तसा फरक दिसला नाही. महाराष्ट्रात प्रत्येक केंद्रात असा एक माणूस ठेवला तर हा धागाच निघाला नसता.

कॅसपेपर | ९:४०

@गोंयकार, प्रयोग चांगलाच, पण तो नैराश्य आणि चिंतेच्या आजारांसाठी होता. यांच्या भावाचा आजार वेगळा. स्किझोफ्रेनियासाठी गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काम करण्याचा प्रयोग तमिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्रात झाला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. फायदा दिसला, पण बेताचाच, आणि तिथेही तज्ज्ञाचे उपचार सोबत चालू होतेच. बोलून गोळी सुटत नाही.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. सकाळी ओपीडी, मग लसीकरण, अधूनमधून बाळंतपण, मध्येच पोलीस शवविच्छेदनाला बोलावतात. मानसिक आजाराचं प्रशिक्षण होतं, पण काही दिवसांचं. फिट्स, नैराश्य, झोप न येणं इतपत आम्ही बघायचो. तज्ज्ञाने बसवलेला डोस पुढे चालवणं हे आमच्या आवाक्यातलं काम. मात्र औषध साठ्यात हवं आणि तज्ज्ञाचा कागद हातात हवा. सगळीच औषधं असं पुढे चालवण्याजोगी नसतात, म्हणून तात्यांचा प्रश्न परत विचारतो. औषधाचं नाव काय? नेमकी कधी बंद झाली?

उंटावरचा_शहाणा | ९:५५

डॉक्टर लोकांना कागद लागतो, पेशंटला गोळी लागते.

रात्रपाळी | दुपारी १:२०

नावाने काय फरक पडतो कळत नाही, पण घ्या. क्लोझापिन १००, रात्री दोन. बंद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. तो प्रश्न तसा सुटलाय. इथल्या मेडिकलमधून सकाळीच घेतल्या, चुलतभाऊ गावी निघाला होता त्याच्याजवळ दिल्या. संध्याकाळी पोचतील, आजपासून चालू. जीआरचं मात्र सांगा, पुढच्या वेळेसाठी.

कॅसपेपर | १:२४

थांबा. आईला आत्ता फोन करा. आज रात्री त्या दोन गोळ्या देऊ नका.

क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त बंद राहिलं तर जुन्या डोसवर एकदम परत जात नाहीत. शरीराची सवय मोडलेली असते. एकदम २०० दिलं तर रक्तदाब इतका उतरू शकतो की माणूस उभ्याउभ्या कोसळतो, फिट येऊ शकते, हृदयावर परिणाम होऊ शकतो. साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरू करून तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू वर नेतात. शिवाय पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, कारण काही जणांत या औषधाने त्या धोकादायक प्रमाणात घटतात. नव्याने चालू करताना पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला तपासणी असते. खंड पडला तर पुन्हा किती वेळा करायची ते तज्ज्ञ सांगतील.

गावच्या डॉक्टरने नाही म्हटलं ते या औषधापुरतं बरोबरच केलं. कारण सांगितलं नाही, एवढी चूक.

रात्रपाळी | १:३१

आई फोन उचलत नाहीये. शेतात असेल.

आशा_सेविका_२ | १:३८

ताई, शेजारच्यांना फोन लावा नाहीतर गावच्या आशाला. मी पण आशाच आहे, मराठवाड्यातलीच. आमच्याकडं जिल्ह्याची टीम महिन्यातून ठरल्या वारी ग्रामीण रुग्णालयात येते, मनोविकाराचे डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर. वार आम्हाला ठाऊक राहतो. तुमच्या आईला कुणी सांगितलं नसंल. पेशंट एसटीत बसत नसंल तर सोशल वर्करशी आधी बोलून घ्या, ते काही तरी मार्ग काढतात.

आणि आशाला सांगताना भिऊ नका. मी कुणाच्या दारात उभी राहून 'डोक्याच्या गोळ्या' म्हणत नाही. शेजारीण कान लावून असती. बीपी तपासायचंय म्हणते आणि आत जाते.

उंटावरचा_शहाणा | १:४५

मेव्हण्याच्या गोळ्या आठवडाभर चुकल्या होत्या, परत चालू केल्या, काही झालं नाही. उगाच घाबरवताय.

कॅसपेपर | १:४९

मेव्हण्याचं औषध कोणतं?

उंटावरचा_शहाणा | १:५८

नाव लक्षात नाही. पांढरी गोळी.

तात्या_पारनेरकर | २:०२

😀 झालं तर मग.

राहवत नाही म्हणून अवांतर. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. तेव्हाच ठरलं होतं की हे काम प्राथमिक आरोग्य सेवेतून करायचं. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने, करून दाखवलं, त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. एवढी वर्षं उलटून एका माउलीला ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर कोणत्या वारी येतो हे माहीत नाही, आणि भिंत मात्र रंगवलेली.

कलम_कसाई | २:१०

सहमत. पण आरोग्य हा राज्याचा विषय, दिल्लीला शिव्या देऊन उपयोग नाही. मंजूर पदं आणि भरलेली पदं किती, ते माहिती अधिकारात विचारा.

पेन्शनर_काका | २:४०

दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? मानसिक आजारालाही मिळतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांना उपयोगी पडतं. सोबत आधार, फोटो, उपचारांचे कागद न्या. माझ्या पुतण्याचं काढलं तेव्हा फोटो दोन लागले होते, आता बहुधा ऑनलाइनच.

रात्रपाळी | ३:०५

आई बोलली. पाकीट अजून पोचलं नव्हतं. पोचलं की कपाटात ठेवायचं, द्यायचं नाही, असं दोनदा बजावलंय. म्हणाली तो रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो, पण जेवतो.

काका, प्रमाणपत्र नंतर. आता आज रात्रीचं काय?

कॅसपेपर | ३:१५

१४४१६ लावा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २४ तास, मोफत, मराठीत बोलतात. तुम्ही चिंचवडहून लावला तरी चालेल, पण माहिती पूर्ण द्या: औषधाचं नाव, डोस, बंद झाल्याची तारीख, झोप. इथे लिहिलीत तशी तुकड्यातुकड्याने नको. मारहाण, स्वतःला इजा करण्याचं बोलणं किंवा जेवण बंद, यातलं काहीही दिसलं तर वाराची वाट न बघता १०८ बोलवा.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलता येतं, भिंतीवर लिहिलंय त्यात तेही असेल. पण क्लोझापिन परत चालू करायला प्रत्यक्ष तज्ज्ञच गाठा. आणि भाऊ विडी ओढतो का? ओढत असेल तर तेही सांगा. धुराने या औषधाची रक्तातली पातळी उतरते, त्यावर डोस ठरतो.

रात्रपाळी | सायंकाळी ६:५०

१४४१६ वर बोलले. त्यांनीही तेच सांगितलं, जुना डोस नको. गावच्या आशाताईंचा नंबर आईकडे होताच! टीम उद्याच, गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात आहे. चुलतभाऊ मोटरसायकलवर मागे बसवून नेणार, मोटरसायकलवर तो बसतो. विडी ओढतो, हो, आणि गोळ्या बंद झाल्यापासून जास्त.

रक्त तिथेच तपासतात का? उपाशीपोटी न्यायचं का? लवकर सांगा.

आशा_सेविका_२ | ७:०५

नमुना तिथंच घेतात, सकाळी लवकर पोचा. पेशी मोजायला उपाशी लागत नाही, चहा-नाश्ता करून आणा, नाहीतर रांगेत चिडंल. जुना कागद आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट नक्की न्या.

मंजिरी_ताम्हाणे | ७:३०

छान धागा. माझ्या सासूबाई गेली काही वर्षं झोपेची अर्धी गोळी घेतात, ती बंद करायची आहे. काय करावं?

तात्या_पारनेरकर | ७:३३

वेगळा धागा काढा. आणि गोळीचं नाव पहिल्याच ओळीत लिहा.