चेंबर वर, गाडी खाली... कॅम्परव्हॅनची टाकी रिकामी कशी करायची?

रिकामटेकडा_ठाणे:
मंडळी प्रश्न जरा घाण आहे, जेवत असाल तर नंतर वाचा. मी आणि मेहुण्याने मिळून एक जुनी ट्रॅव्हलर घेतलीये, कॅम्परव्हॅन करून घेतलेली, आत संडास, ओटा, बेसिन सगळं. खाली दोन टाक्या, संडासाची ८० लिटर आणि अंघोळ-बेसिनची १०० लिटर. ठाण्यात सोसायटीत गाडी लावू देतात पण टाकीचा विषय काढला की सेक्रेटरी काका हातच जोडतात, म्हणून बेलापूरला पारसिक हिलवर मावशीकडे नेतो. आता गंमत अशी की बंगला चढावर, पार्किंग उतार खणून खाली केलेलं आणि चेंबर वर जोत्याला लागून. लांबी १८ मीटर असेल, उंची तीनेक फूट. गाडीबरोबर तो ३ इंची ॲकॉर्डियनसारखा पाईप मिळालाय, मागच्या वेळी आम्ही दोघांनी तो खांद्यावर उचलून धरला तर मधे झोळ पडला, तिथे सगळं साचलं आणि मेहुण्याने "जरा थांब" म्हणून खांदा बदलला... पुढचं सांगत नाही, दोघांच्या चपला तिथेच कचऱ्यात गेल्या. कुणी काही जुगाड केलाय का?

घणसोली_कट्टा:
सायफन मार की भावा, पेट्रोल काढतात तसं

बिनपगारी_प्लंबर:
@घणसोली_कट्टा पेट्रोल तोंडाने ओढतात, इथे कोण ओढणार, तू? 😂 आणि सायफनला मधे थोडाफार चढ चालतो पण शेवटचं तोंड टाकीच्या खालीच लागतं. चेंबर वर असेल तर पाणी उलटं गाडीत येईल.

@रिकामटेकडा आधी उंची नीट मोज, डोळ्याने नको, चढावर डोळा हमखास फसतो. गवंड्याची लेव्हल ट्यूब माग, पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक गाडीच्या आउटलेटपाशी, एक चेंबरपाशी. मग मॅसरेटर पंप बघ, १२ व्होल्टचा, बोटींवर आणि परदेशातल्या मोटरहोमवर हाच असतो. आत पातं फिरतं, सगळं बारीक करतं, त्यामुळे ३ इंची पाईपची गरज संपते, १ इंची जाड होजमधून माल वर जातो. तीन फूट सोड, आठ फूट असलं तरी चढवेल. ८० लिटर पाच मिनिटांच्या आत.

पण पंप घेऊन आलास म्हणजे सुटलास असं समजू नकोस, खरी मजा पंप बंद केल्यावर असते. १ इंची पाईपमधे मीटरला साधारण अर्धा लिटर मावतो, म्हणजे २० मीटरच्या होजमधे १० लिटर, अर्धी बादली. चढ असल्याने ते सगळं खाली तुझ्याकडे यायला टपलेलं असतं, तू क्लॅम्प सैल केलास की थेट पायावर. म्हणून पंपाच्या तोंडाशीच एक बॉल व्हॉल्व्ह टाक, पंप बंद केल्या केल्या तो हाताने बंद करायची सवय लाव, एका सेकंदाचं काम. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकून निर्धास्त होऊ नकोस, त्याच्या पाकळीत एक केस अडकला तरी तो गळतो. आणि क्रम चुकवू नको, आधी संडासाची टाकी, मग त्याच पाईपमधून अंघोळीची, म्हणजे शेवटी पाईपात राहील ते साबणाचं पाणी. मग गाडीकडचं टोक खांद्याच्या वर धरून, पाईप हातावरून सरकवत चेंबरकडे चालत जा, सगळं वर रिकामं होतं.

ऐरोलीची_ताई:
वरच्या दादांनी पाईपचं सांगितलं ते शंभर टक्के, आम्ही पहिल्या वेळी तेच केलं होतं आणि माझा पंजाबी ड्रेस गेला. वायरीचं मी सांगते, हा पंप १५-२० अँपिअर खेचतो, बारीक वायर लावली तर वायर तापते आणि पंप नुसता घुंगघुंग करतो, आम्हाला वाटलं पंप खराब, दुकानदाराशी भांडून आलो, वायर होती दीड एमएमची!! सहा एमएमची टाका, बॅटरीपाशीच फ्यूज, आणि इंजिन चालू ठेवून पंप लावा.

दुसरं, कोरडा चालवू नका, आतलं रबराचं इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) जळतं. टाकी संपत आली की आवाज चढतो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा, तेव्हा बंद करा. वेट वाइप्स टाकीत अजिबात नाही, पाकिटावर काही का लिहिलं असेना, ते कापलं जात नाही, पात्याला दोरीसारखं गुंडाळतं, मग हातमोजे घालून उघडत बसा. आणि गाडीच्या टपावर टाकीचा व्हेंट (हवेची नळी) आहे ना तो मोकळा आहे का बघा, आमच्या व्हेंटमधे कुंभारमाशीने घर केलं होतं, पंप चालू केला की टाकी आत खेचली जायची आणि बेसिनच्या ट्रॅपमधलं, म्हणजे खालच्या वाकड्या पाईपात वास अडवणारं पाणी ओढून घ्यायची, मग रात्रभर गाडीत वास.

रिकामटेकडा_ठाणे:
लेव्हल ट्यूब लावली. तीन फूट म्हणलो होतो, भरली ५ फूट १० इंच 🙏 मावशीच्या शेजारचे एक काका म्हणाले एवढ्याला कशाला पंप, बाजूला गटार आहे की, उतारच उतार आहे, द्या सोडून...

कोपरखैरणे_काका:
त्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते पावसाळी गटार, ड्रेनेज नव्हे. दोन्ही लाइनी वेगळ्या. ड्रेनेजचं पाणी पंपिंग स्टेशनवरून प्रक्रिया केंद्रात जातं, गटाराचं होल्डिंग पाँडमधून (पावसाचं पाणी साठवायचे तलाव) सरळ खाडीत. तुम्ही गेटवर सोडलेलं फ्लेमिंगोच्या पायाशी पोचायचं. नाहीतरी नवी मुंबईत बराचसा मैला पंपाने चढवून पुढे न्यावा लागतो, जमीनच अशी सखल, तुम्हीही चढवा.

आणि होज गली ट्रॅपमधे (घराबाहेरचा सांडपाण्याचा जाळीवाला ट्रॅप) खुपसू नका, मैला अडकून राहतो. चेंबरचं झाकण उघडून दर वेळी वाकूही नका, आतला गॅस वाईट. प्लंबरकडून वरच्या ४ इंची लाइनला एक वाय (Y आकाराचा जोड) आणि स्क्रूची टोपी करून घ्या.

रिकामटेकडा_ठाणे:
रविवारी केलं! वाय बसवला, पंप लावला, मेहुणा बॉल व्हॉल्व्हवर आणि मी वर टोपीपाशी, फोन चालू ठेवून. संडासाची टाकी चार मिनिटं. मग अंघोळीची लावली आणि होज साबणाने गुळगुळीत होऊन माझ्या हातातून सटकला, मावशीच्या मोगऱ्याच्या कुंडीत गेला, नशीब तोवर नुसतं शाम्पूचं पाणी होतं. मावशीने खिडकीतून सगळं बघितलं, उदबत्ती लावली आणि चहा बाहेरच आणून दिला, घरात या म्हणाली नाही.

@बिनपगारी_प्लंबर होज वायच्या तोंडात घट्ट बसायला काय लावू? सध्या जुना टॉवेल गुंडाळलाय.

बिनपगारी_प्लंबर:
टॉवेल काढ आधी. ४ इंची टोपी घे, मधे भोक पाडून १ इंची टँक निपल बसव, त्यावर होज आणि दोन क्लॅम्प. टँक निपल म्हणजे सिंटेक्सच्या टाकीला असतो तोच. आणि मावशीला मोगऱ्याची नवीन कुंडी.