कुत्र्याच्या ओलसर चट्ट्यावर मुलतानी माती लावावी का?

प्रश्न
लॅब्राडॉर, नर, वय ४ वर्षं, वजन ३२ किलो. गाव कोकणात, पाऊस सुरू झाल्यापासून अंग पुरतं वाळत नाही. शेपटीच्या मुळाशी परवापासून लाल चट्टा आहे, दहाच्या नाण्याएवढा. केस चिकटलेत, लस येतेय, सारखा चावत बसतो. मुलतानी मातीत कडुलिंबाचा पाला वाटून लेप द्या, असं बरेच जण सांगतात. माती किती, पाणी किती, किती वेळ ठेवायचा? चाटली तर चालते का?

प्रतिसाद १
लस येतेय तोवर माती अजिबात नको. माती ओल शोषते हे खरं, पण वाळताना ती केस आणि लस यांच्यासकट कडक पापुद्रा होते. वरून चट्टा सुकल्यासारखा दिसतो आणि खाली पू साचत राहतो. पापुद्रा काढताना नवी धरलेली कातडीही सोलून निघते. शिवाय माती निर्जंतुक नसते. तव्यावर भाजली तरी धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू त्यात तग धरू शकतात.

आधी ट्रिमरने केस काढा, चट्ट्याच्या सगळ्या बाजूंनी २-३ सेंटिमीटर निरोगी कातडी दिसेपर्यंत. कात्री वापरू नका. चिकटलेल्या केसांत कातडी कुठे सुरू होते ते कळत नाही आणि कापली जाते. केस गेल्यावर चट्टा दुपटीने मोठा निघाला तर घाबरू नका, तो आधीपासूनच तेवढा होता. १ लिटर पाणी उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम मीठ (सपाट दीड छोटा चमचा). या पाण्यात गॉज भिजवून खपली मऊ करा आणि टिपून घ्या, घासू नका. नंतर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक: २ टक्क्यांचं साधं द्रावण २५ मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, म्हणजे ०.०५ टक्के होतं. हे दिवसातून दोनदा, आणि पंख्याखाली उघडं वाळू द्या.

गळ्यात प्लास्टिकचा शंकू मात्र लगेच घाला. चाटणं थांबलं नाही तर बाकी सगळं वाया जातं. चट्टा काही तासांत पसरत असेल, पू असेल किंवा हात लावू देत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. खाज थांबवायला बहुतेक वेळा पोटातून औषध लागतं.

प्रतिसाद २
जागा शेपटीच्या मुळाशी आहे, म्हणून आधी पिसवा बघा. बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. मिनिटभरात कणाभोवती तांबूस कडं पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कडं नाही आलं तर साधी धूळ. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. औषध घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी द्यावं लागतं, आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं. पिसवा नसतील तर गुदग्रंथी (गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या पिशव्या) भरल्यात का ते तपासून घ्या. त्या त्रासानेही कुत्रे तिथेच चावतात.

माणसांची स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं लावू नका. लाली दोन दिवस दबते, पण चाटून ते सगळं पोटात जातं.

प्रश्नकर्ता
मग मातीचा उपयोग कुठेच नाही का?

प्रतिसाद ३
आहे, पण कातडी अखंड असेल तरच. तेलकट, कुबट वास येणारे केस किंवा किडा चावून उठलेली गांधी, एवढ्यासाठी ती ठीक आहे.

वस्त्रगाळ मुलतानी माती ४ छोटे चमचे घ्या. उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं घाला, इडलीच्या पिठाइतकं सैल होईपर्यंत. गुलाबपाणी, लिंबू, कापूर काही नको. फेसपॅकच्या पुडीत सुगंध आणि संत्र्याची साल असते, म्हणून पाकिटावरचं वाचून फक्त मातीच घ्या. कडुलिंबाचा वाटलेला पालाही नको, तो केसांत अडकून ओल धरतो. आधी पोटाजवळ नाण्याएवढा ठिपका लावून २४ तास थांबा. मग २ मिलिमीटर जाडीचा थर द्या आणि ८-१० मिनिटं थांबा. कडा फिकट पडायला लागल्या की लगेच कोमट पाण्याने धुवा. पूर्ण वाळू दिला तर कातडी ताणली जाते, कोरडी पडते आणि खाज उलट वाढते. आठवड्यातून एकदा पुरे. नंतर केसांच्या मुळापर्यंत वाळवा, ड्रायर गार हवेवर ठेवून.

कानात माती कधीच घालू नका. कोरडी पूड अंगावर भुरभुरू नका, बारीक धूळ फुप्फुसात जाते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ती फारच त्रास देते. चाटण्याबद्दल विचारलंत: मातीत शिसं असू शकतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) मुलतानी मातीसारख्याच बेंटोनाइट मातीच्या काही उत्पादनांबद्दल याच कारणाने इशारा दिला होता. म्हणून धुवून होईपर्यंत शंकू काढायचा नाही.

प्रतिसाद ४
घरात मांजर असेल तर तिला लेप नकोच. ती अंग चाटून साफ करते, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही मांजराला विषारी आहे, टी ट्री तेलही.

गोल, केस गळालेला, कोरडा कोंडा असलेला चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. मातीने तो जात नाही आणि घरातल्या माणसांना, विशेषतः लहान मुलांना, लागतो. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत होऊन प्रचंड खाज असेल तर खरजेचा संशय घ्या. या दोन्हींत डॉक्टर केसांचा किंवा कातडी खरवडून घेतलेला नमुना तपासतात. जाण्याआधी दोन दिवस चट्ट्यावर काहीच लावू नका, लेपाच्या कणांमुळे नमुना नीट दिसत नाही.