कुटलेल्या गारगोटीतले करडे दाणे कसले?

ऑस्ट्रेलियात बेंडिगोजवळ राहतो, मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) रीतसर काढलंय. रविवारी गंजाचे डाग असलेली गारगोटी लोखंडी खलबत्त्यात कुटून सोनं धुवायच्या पॅनमध्ये धुतली. काळी रेती चुंबकाने उचलली. मागे मोहरीहून बारीक, रुपेरी-करडे दाणे उरले. ते चुंबकाला चिकटत नाहीत. दोन पिवळे ठिपकेही आहेत. कुटताना लसणीसारखा वास येत होता. दाणे तव्यावर भाजून बघू का?

उत्तर १: दादा, अजिबात भाजू नका! लसणीचा वास म्हणजे बहुतेक आर्सेनोपायराइट: लोखंड, आर्सेनिक, गंधक. तापवलं की विषारी धूर निघतो. तुमच्या भागात तो सोन्याच्या सोबतीनेच सापडतो, म्हणून दगड टाकू नका. पण कुटताना पाणी शिंपडा, मास्क लावा आणि तो खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

उत्तर २: ताईंचं बरोबर आहे. चुंबकाला आलेल्या रेतीत खलबत्त्याचा कीसही असणार, ती सगळी मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं काळं खनिज) समजू नका. ठिपक्यांना भिंगाखाली सुईने दाबा. सोनं चेपतं, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज) भुगा होतो. सोन्याची घनता १९च्या आसपास, पायराइटची ५, म्हणून पॅन हलवताना सोनं सगळ्यात मागे राहतं.

प्रश्नकर्ता: भाजणं रद्द. आताच सुई लावली. एक ठिपका तडकून काळपट भुगा झाला. दुसरा चेपला, सुईचा खड्डा स्पष्ट दिसतोय! हात थरथरतायत. ताई, खलबत्ता गॅरेजमध्ये ठेवलाय.