सोनकी : नेमकी कोणती?

प्रश्न : एका प्रवासवर्णनात ‘पठारभर सोनकी फुलली होती’ असं वाचलं. डोंगरावरच्या कुठल्याही पिवळ्या रानफुलाला सोनकी म्हणतात का? आणि ‘सोनक्या फुलल्या’ म्हणायला हवं ना?

उत्तर : नाही, सोनकी ही एकच वनस्पती. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत ते सेनेसिओ ग्रॅहामी असं सापडेल. कूळ सूर्यफुलाचं. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो: मधल्या चकतीत बारीक नळीसारखी फुलं दाटलेली आणि कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी जिभलीच्या आकाराची. भाद्रपद-आश्विनात कास पठारावर, महाबळेश्वर-पाचगणीकडे, राजगड-तोरण्याच्या उतारांवर हीच पसरलेली असते.

घोटाळा होतो तो कवल्याशी. तोही त्याच सुमारास, त्याच पठारांवर पिवळाधमक फुलतो. पण कवला वाल-वाटाण्याच्या कुळातला. त्याचं फूल पतंगाच्या घडणीचं, पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक बारीक पर्णिका. सोनकीचं पान साधं, कडेला दातेरी. एवढं पाहिलं तरी पुरे. हल्ली घाटरस्त्याच्या कडेला माजलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉसही लोक सोनकी म्हणून दाखवतात, याचं मात्र वाईट वाटतं. तो मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून रानात शिरलेला. तो सोनकीच्या नावानं ओळखला जाऊ लागला, तर आपल्या डोंगरावर काय उपरं आलंय हेच कळेनासं होईल.

वापराबद्दल : ‘सोनकी फुलली’ हेच रूढ आहे. कारवी फुलली, तेरडा फुलला, तसंच. सगळा बहर एकवचनातच बोलला जातो. मोजून सांगायचं असेल तर ‘सोनकीची चार फुलं’ म्हणावं.

पुढचा प्रश्न : नावात ‘सोन’ आहे ते रंगामुळेच ना? आणि ही औषधी आहे का?

उत्तर : इथे रंगामुळेच असावं. पण ‘सोन’ दिसलं की फूल पिवळंच, असा नियम करू नका. आपला नेहमीचा सोनटक्का पांढराशुभ्र असतो.

औषध म्हणून किंवा रानभाजी म्हणून सोनकी तोंडात घालू नये. सेनेसिओ वंशातल्या अनेक वनस्पतींत यकृताला इजा करणारी अल्कलॉइडं असतात. काही प्रकारचा कवला भाजीसाठी खुडतात, त्यामुळे रानात या दोघांतला फरक ओळखता येणं फार गरजेचं आहे.